सात नॉट, सरळ

रविवारी दुपारी अडीच वाजता, चष्म्याच्या बंद दुकानाच्या मागच्या खोलीत, सुईवाल्या बाई एका मालवाहू जहाजाच्या कप्तान झाल्या. जन्मात त्यांनी साधी होडी वल्हवली नव्हती. पण आज त्यांना जहाज चालवायचं होतं आणि बुडवूनही घ्यायचं होतं. आणि तेही कुणा सोम्यागोम्याच्या हातून नाही, पोटच्या पोराच्या हातून.

आता हा काय वेडेपणा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल. पाच आठवडे ज्या बाईचा मुलगा बेपत्ता आहे, तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

सुईवाल्या बाई हे त्यांचं तपासणी केंद्रातलं नाव. बावीस वर्षं त्या तिथे लोकांचं रक्त काढत होत्या. हात मऊ, पण जीभ कडक. "हलू नका. हललात तर दोनदा टोचावं लागेल," हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून साठ वेळा निघायचं. त्यांचे यजमान ट्रक दुरुस्तीचे मिस्तरी. मुलगा बापाच्याच हाताखाली शिकलेला. सव्वीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, बोलायला कंजूष. कामावरून आला की हात धुवून जो संगणकापुढे बसायचा, तो जेवायला हाका मारून आई दमली तरी उठायचा नाही. पाणबुडीचा खेळ खेळायचा. "पाण्याखाली बसून काय मिळतं रे तुला?" असं बाई विचारायच्या. "शांतता," असं तो म्हणायचा आणि परत बुडायचा.

पाच आठवड्यांपूर्वी गॅरेजमध्ये एक ट्रक जॅकवर चढवलेला होता. जॅकवर भरवसा ठेवायचा नसतो, आसाखाली लाकडाचा जाड ठोकळा लावायचा असतो, हे त्या गॅरेजमधलं पहिलं शास्त्र. मिस्तरी ट्रकखाली शिरले, जॅक सरकला आणि ट्रक खाली आला. शेजारच्यांनी ओढून काढलं. इस्पितळात डॉक्टरांनी मान हलवली आणि "आम्ही प्रयत्न करतो," एवढंच बोलले. बाई अर्ज भरायला खिडकीपाशी गेल्या. परत आल्या तेव्हा बाकावर मुलगा नव्हता. मोबाइल बाकावरच पडला होता, तेलाच्या बोटांचे डाग असलेला.

मिस्तरी वाचले. नऊ दिवस यंत्रावर होते, दहाव्या दिवशी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "तो कुठाय?" बाईंनी सांगितलं, औषधं आणायला गेलाय. औषधं आणायला गेलेला माणूस तीन आठवडे परत येत नाही, एवढं मिस्तरींना कळत होतं. त्यांनी जेवण सोडलं. दोन घास खायचे, भिंतीकडे तोंड करायचे. पोलिसांनी नोंद केली, नातेवाइकांनी फोन केले, सगळीकडे शोध झाला. बाईंनी देव पाण्यात घालायचे तेवढे घातले. पोराचा पत्ता नाही तो नाहीच. बाप मेला आणि आपणच मारला, हे ओझं घेऊन तो कुठेतरी फिरत होता, आणि बाप इकडे जिवंत, त्याच्याच नावाने उपाशी.

मग एक दिवस चष्मेवाले डबा घेऊन इस्पितळात आले. मिस्तरींचे जुने मित्र. त्या पाणबुडीच्या खेळाची मंडळी तेच चालवतात, हे बाईंना तेव्हा कळलं. "वहिनी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तो खेळतोय. दर रविवारी. सोळाचा पाना या नावाने."

बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं.

पण हाती काही लागत नव्हतं. दर रविवारी तो वेगळ्या ठिकाणाहून यायचा, कुठल्यातरी संगणकाच्या दुकानातून असावा. निरोपांची पेटी त्याने बंदच करून टाकली होती. खेळ संपला की क्षणात गायब. खेळ चालू असताना तर पाणबुडीवाल्याशी कुणी बोलायचंच नाही, हा त्या मंडळींचा कडक नियम.

एकच फट होती. या मंडळींची एक जुनी रीत होती. खेळातली बहुतेक जहाजं यंत्र चालवायचं, पण ताफ्याच्या मधोमध चालणाऱ्या मोठ्या जहाजावर एक माणूस बसायचा. ज्याने हे जहाज बुडवलं, त्याने त्या कप्तानाला स्वतः लिहून हिशेब पाठवायचा: किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, किती वेग धरून टॉर्पेडो सोडला. आणि बुडालेल्याने त्याला पोच द्यायची. पोच उघडून वाचल्याशिवाय बुडवलेलं जहाज नावावर लागत नाही. सोळाचा पाना हिशेबाला चोख होता. पोच वाचायचाच.

"मग पोचेत लिहा ना, बाप जिवंत आहे म्हणून!" बाई ओरडल्याच.

"लिहिलं वहिनी. मागच्या रविवारी त्याने आमच्या मंडळींतल्या दातांच्या डॉक्टरांना बुडवलं. डॉक्टरांनी पोचेत लिहिलं, वडील वाचले, घरी फोन कर. त्याचं उत्तर आलं." चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "अशी थट्टा पुन्हा करू नका, म्हणून."

सगळ्यांनी मिळून त्याला फसवून घरी ओढायचा बेत केलाय, अशी त्याची समजूत झाली होती. आणि येत्या रविवारचा सामना हा या फेरीचा शेवटचा. त्यानंतर मंडळी तीन महिने खेळणार नव्हती. तीन महिने! मिस्तरींची ताकद तीन आठवडे पुरेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "त्या जहाजावर मी बसणार."

चष्मेवाले म्हणाले, "शिकावं लागेल."

"शिकते की. शिराही कुणी जन्मतः शोधत नाही."

शनिवारपर्यंत त्या शिकल्या. कामावर रक्त काढायच्या, संध्याकाळी दुकानात येऊन जहाज चालवायच्या, घरी जाऊन मुलाची वही वाचायच्या. जाड पुठ्ठ्याची वही, पानापानावर ग्रीसचे ठसे. त्यात त्याने स्वतःसाठी सगळं लिहून ठेवलं होतं, आणि घरात कधी चार वाक्यं सलग न बोलणारा हा पोरगा वहीत भडाभडा बोलत होता.

'जहाज दिसतं तिथे मारायचं नाही. टॉर्पेडो पोचेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. जिथे असणार आहे तिथे मारायचं.' 'आधी ताफ्याच्या पुढे जाऊन, वाट अडवून, गप्प बसायचं. पाठलाग करणारा नेहमी मागे पडतो.' 'नव्वद अंशांतून मारायचं, आठशे मीटरवरून. जहाज आडवं दिसलं पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.' 'वेग चुकला की सगळं चुकलं. तीन वेळा मोज.' 'दोन सोडायचे, एक जहाजाच्या पोटाखाली फुटेल असा खोल, एक वर.' आणि एका पानावर लाल शाईने, दोनदा गिरवून: 'चुकलं की खाली जायचं. दुसरा विचार नाही. विनाशिका तुझी माफी ऐकत नाही.'

ते शेवटचं वाक्य वाचून बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मग तोंड धुऊन परत वाचायला बसल्या.

रविवारी सकाळी त्या इस्पितळात गेल्या. मिस्तरींना सगळं सांगितलं. पाणबुडी, पोच, बुडणं, सगळं. मिस्तरींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "अगं, त्याला सांग, ठोकळा त्याने लावला होता. मला पाय टेकायला काहीतरी हवं होतं म्हणून मीच काढला."

बाई चमकल्या. ठोकळ्याबद्दल पाच आठवड्यांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पोलिसांनीही जॅक जुना होता एवढंच लिहिलं होतं. "खरंच काढलात तुम्ही?"

मिस्तरींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "सांग म्हणतोय ना. एवढं कर."

खोटं बोलताना हा माणूस नेहमी असाच वैतागतो. तीस वर्षांच्या संसारात बाईंना एवढं कळत होतं. खोट्याच्या दोरीने पोराला ओढायचं? त्याला कळलं तर तो पुन्हा कुणावर विश्वास ठेवील? त्यांनी ठरवलं, हे नाही लिहायचं. त्यांनी स्वतःच एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली: गुडघ्यावरची खूण कशी झाली, लहानपणी सुई बघून तो पलंगाखाली कसा लपायचा, त्याला काय म्हणून हाक मारायचे. घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नाही असं सगळं.

तर असा हा अडीच वाजताचा मामला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. टेबलावर दोन संगणक, एका कोपऱ्यात फ्रेमचे खोके. चष्मेवाले खेळ सांभाळायला एका संगणकावर, बाई दुसऱ्यावर. बाकीच्या दोन पाणबुड्यांना चष्मेवाल्यांनी हात जोडून सांगून ठेवलं होतं की मोठ्या जहाजाला शिवू नका. ताफ्याभोवती फिरून पाणबुड्या बुडवणाऱ्या विनाशिका मात्र यंत्राच्या हातात. त्यांना कुणी हात जोडून उपयोग नव्हता.

"वहिनी, ऐका नीट. वेग सात नॉट, दिशा सरळ. कशालाही हात लावायचा नाही. तो मोजेल, तो मारेल. तुम्ही फक्त चालत राहा."

"सात नॉट, सरळ," बाई म्हणाल्या. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या त्या ताठ बसल्या होत्या.

तासभर काही झालं नाही. राखाडी पाणी, दोन्ही बाजूंना जहाजांच्या रांगा, धूर. बाईंची बोटं मांडीवर. घड्याळ पुढे सरकत होतं. सामना चारला संपणार होता. पावणेचार झाले. "येईल ना हो?" त्यांनी विचारलं. "नाव तर दिसतंय यादीत," चष्मेवाले म्हणाले. "पण गप्प आहे. वाट अडवून बसला असेल."

तीन वाजून एकावन्न मिनिटांनी बाईंना डाव्या हाताला पाण्यावर पांढरी रेघ दिसली. पेरिस्कोपची. दुर्बिणीतून पाहिलं, बरोबर नव्वद अंश. वहीत लिहिलं होतं तसंच.

"आला!" त्या कुजबुजल्या. जणू मोठ्याने बोललं तर तो पळेल.

पेरिस्कोप खाली गेला. मग पाण्यात दोन फेसाळ रेघा उमटल्या आणि सरळ त्यांच्याकडे यायला लागल्या. एक खोल, फिकट. एक वर, ठळक. पाच आठवडे ज्याची वाट पाहिली ते येत होतं. आणि लाटेवर जहाज डुललं, नाक थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि बाईंना वाटलं, हललं! हलतंय! चुकणार! बावीस वर्षांची सवय. सुई येताना हात हलू द्यायचा नाही. डोक्याला विचार करायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या बोटाने इंजिनाची कळ दाबली आणि जहाज थांबवलं. वर उलटं इंजिनही टाकलं, चांगलं घट्ट उभं राहावं म्हणून.

"वहिनी, काय केलंत!" चष्मेवाले खुर्चीतून उठले. "त्याने सातचा वेग धरलाय! तो पुढे मारतोय, पुढे!"

मेलं ते डोकं! वही पाठ, पहिलं पानसुद्धा पाठ, जिथे असणार आहे तिथे मारायचं, आणि ऐन वेळेला सुईवाली बाईच वर आली. दोन्ही रेघा जहाजाच्या नाकापुढून निघून गेल्या. पन्नास मीटरही नसतील. पलीकडच्या रांगेतून मोकळ्या समुद्रात गेल्या आणि विरल्या.

बाई चष्मेवाल्यांकडे वळल्या. "चुकलं. माझ्यामुळे चुकलं. भाऊजी, मी पोराला दुसऱ्यांदा घालवलं हो."

फेसाच्या रेघा पाहून उजवीकडची विनाशिका वळली होती. नाकाने पाणी फोडत धावत सुटली डाव्या अंगाला, तिथेच, जिथून रेघा निघाल्या होत्या. आता तो खाली जाणार. चुकलं की खाली जायचं, दुसरा विचार नाही. लाल शाईने लिहिलेलं. खाली जाईल, चार वाजतील, तीन महिने संपलं सगळं.

आणि पाण्यावर पुन्हा ती पांढरी रेघ दिसली.

"अहो, हा वेडा झालाय!" चष्मेवाले ओरडले. "वर काय करतोय? विनाशिका डोक्यावर येतेय त्याच्या! खाली जा ना, गाढवा!"

पेरिस्कोप खाली गेला नाही. हळूहळू वळला आणि जहाजाकडे रोखून उभा राहिला. जहाज तिथेच, जागच्या जागी. बाईंनी कशालाही हात लावला नाही. त्या नुसत्या बघत होत्या, पडद्यावरच्या त्या काडीएवढ्या नळीकडे, आणि त्यांना पक्कं वाटलं की तीही त्यांच्याकडे बघतेय. सहाशे मीटर. विनाशिका चारशेवर. "ये बाळा," त्या म्हणाल्या, "मी हलत नाही. ये."

तिसरी रेघ निघाली. थांबलेल्या जहाजाला वेगाचा हिशेब नसतो, नाक तिकडे करायचं आणि सोडायचं. ती रेघ सरळ आली, पोटाखाली शिरली, आणि बाईंचा पडदा आधी पांढरा झाला, मग काळा. त्याच मिनिटाला विनाशिकेचे बॉम्ब पाणबुडीवर पडले. चष्मेवाल्यांच्या यादीतली दोन नावं एकदम लाल झाली.

"दोघंही बुडालात," ते म्हणाले आणि खाली बसले.

तीन छप्पन. तीन सत्तावन्न. चारला सगळं बंद होणार होतं. बाईंच्या पडद्यावर एक कागद उघडला. नेहमीचा हिशेब. टॉर्पेडो तीन. अंतर सहाशे मीटर. कोन नव्वद. जहाजाचा वेग: शून्य. आणि शेरा लिहायच्या जागेत: 'टॉर्पेडो बघून जहाज मुद्दाम उभं केलं. असं कुणी करत नाही. कप्तान कोण?'

"लिहा वहिनी! पोच! दोनशे अक्षरंच मावतात!"

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. दोन पानं भरली होती. दोनशे अक्षरांत गुडघ्यावरची खूणसुद्धा मावेना. त्यांनी एका बोटाने टंकलं, 'बाळा, मी आई. बाबा जिवंत आहेत.' आणि थांबल्या. हेच तर दातांच्या डॉक्टरांनीही लिहिलं होतं. आई म्हणून कुणीही लिहील. त्याची समजूत काही बदलणार नाही. गुडघा, पलंग, हाक, हे तर नातेवाइकांनाही माहीत, आणि गुडघ्याच्या खुणेने बाप थोडाच जिवंत होतो? तीन अठ्ठावन्न. त्यांनी सगळं खोडलं. कपाळावर घाम, चष्मा घसरलेला. आणि काहीच सुचेना तेव्हा, बुडत्या बाईने हाताला लागेल ते धरावं तसं, त्यांनी मिस्तरींनी सांगितलेलं तेच जसंच्या तसं लिहिलं.

'मी आई. बाबा सांगतायत, ठोकळा तू लावला होतास. पाय टेकायला त्यांनीच काढला.'

पाठवलं. तीन एकोणसाठ. आणि पाठवल्याबरोबर जीव घाबरा झाला. खोटं लिहिलं. पोराला खोटं लिहिलं. नेमकं त्याला जे खरं माहीत आहे, तेच खोटं करून लिहिलं. आता तो काय म्हणेल, हीसुद्धा थट्टाच.

'पोच वाचली,' असं पडद्यावर आलं. मग काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चारवर गेला आणि खेळाची खिडकी आपोआप मिटायला लागली. ती पुरती मिटायच्या आधी एक ओळ आली. मग दुसरी. 

'ठोकळा मी लावलाच नव्हता. लावलास का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो.'

'आई, माझ्यासाठी असं खोटं फक्त बाबाच बोलतील. बाबा बोलतायत?'

खिडकी मिटली. पडदा काळा. बाईंनी कळा दाबल्या, सगळ्या दाबल्या, 'हो, हो, हो' लिहिलं, कुठेच उमटलं नाही. "भाऊजी, उघडा ना! उघडा हो!" चष्मेवाल्यांनी हताशपणे मान हलवली. सामना संपला होता. बाई उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. पोराने विचारलं होतं आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं. आता गेला, असं त्यांना वाटलं. आता कायमचा गेला.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंनी तो घाईने बाहेर काढला. कानाला लावला तेव्हा पलीकडून काही आवाज नव्हता, नुसती गाड्यांची वर्दळ आणि कुणीतरी दाबून धरलेला हुंदका.

"बोलतायत रे," बाई म्हणाल्या, "बोलतायत. जेवत नाहीत, पण बोलतायत. कुठे आहेस?"

त्याने रस्त्याचं नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं. "मी येतो आई, आत्ता निघतो, मी..."

"नाही!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की चष्मेवाले दचकले. "हलू नकोस. आहेस तिथेच उभा राहा. मी येते."